दहा गुंठे विकून पीआर मिळत नसतं

पत्राचा गोषवारा: वाचक मूळची वाळवा तालुक्यातली, वय २९. मेकॅनिकलची बी.ई. करून चाकणला दोन वर्षं दहा महिने नोकरी केली. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडाला गेली आणि ओंटारियोतल्या एका कॉलेजात सप्लाय चेन आणि मग प्रोजेक्ट मॅनेजमेंट अशी एकेक वर्षाची दोन सर्टिफिकेटं केली. त्यासाठी राहतं घर तारण ठेवून २८ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. शिक्षणानंतर मिळालेलं तीन वर्षांचं वर्क परमिट फेब्रुवारी २०२८ मध्ये संपेल. सुरुवातीला दुकानात काउंटरवर उभी राहिली. एप्रिल २०२५ पासून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लॉजिस्टिक्स कोऑर्डिनेटर आहे. तिथे नुकतंच वर्ष भरलं. एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे पीआरसाठी (कॅनडात कायम राहण्याच्या परवान्यासाठी) गुणांवर उमेदवार निवडतात त्या पद्धतीत, गुण भरतात ४८५ आणि कटऑफ पाचशेच्या वर. ओळखीतला एक जण ३० हजार डॉलरमध्ये एलएमआयएवाली नोकरी ‘लावून देतो’ म्हणतोय, निम्मे आधी, रोख. वडील रस्त्याकडेचे दहा गुंठे विकायला निघालेत. रूममेट म्हणते मास्टर्स कर. आई म्हणते परत ये, स्थळं येताहेत; पण स्थळवाले पहिला प्रश्न विचारतात, “पीआर झालं का?” वाचकाचा प्रश्न: “पैसे भरू, पुन्हा शिकू की परत येऊ? पीआर न घेता आले तर एवढी वर्षं आणि घरावरचं कर्ज पाण्यात गेलं, असंच सगळे म्हणतील.” (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पैसे भरू नकोस. हे आधी सांगते, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत तुझे वडील गिऱ्हाईक बघायला निघालेले असायचे.

एलएमआयए म्हणजे या जागेसाठी कॅनडात माणूस मिळत नाही, असा सरकारनं मालकाला दिलेला निर्वाळा. त्याची फी एका जागेला १,००० डॉलर. ती मालकानं भरायची, कामगाराकडून वसूल करायची नाही, असा कायदाच आहे. तीस हजार मागणाऱ्यालाही तो पक्का ठाऊक आहे, नाहीतर रोख कशाला मागितले असते? या धंद्याला बरकत आली ती गुणांमुळे. पूर्वी अशा नोकरीच्या ऑफरवर एक्सप्रेस एन्ट्रीत ५० गुण मिळायचे, अगदी वरच्या व्यवस्थापकाच्या जागेला २००. २५ मार्च २०२५ पासून हे गुण सरकारनं काढून टाकले, आणि कागद विकण्याचा हा बाजार बंद पाडणं हेच कारण दिलं. म्हणजे तीस हजार मोजूनही तुझे ४८५ चे ४८५च राहतील.

मग हातात काय येईल? एकाच मालकाला बांधलेलं वर्क परमिट. तुझ्याकडे आत्ता आहे ते ओपन परमिट आहे. उद्या पटलं नाही तर दुसरीकडे जाऊ शकतेस. ते सोडून स्वतःहून खुंट्याला बांधून घ्यायला अठरा-वीस लाख रुपये द्यायचे? वर, ती नोकरी कागदावरचीच निघाली आणि तू तिचा अनुभव अर्जात दाखवलास, तर खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं. विकणाऱ्याचं काही बिघडत नाही, तो दुसरं गिऱ्हाईक बघतो.

“सगळे असंच करतात” असं तू लिहिलं आहेस. तुझ्या आधी दोन-तीन वर्षं गेलेल्यांपैकी काहींचं असं जमलंही असेल. पण ते जुन्या नियमांवर जमलं, आणि गोष्ट मात्र अजून बेसमेंटच्या स्वयंपाकघरांतून फिरते आहे. तुझ्याच कारखान्यानं उद्या आपणहून, स्वतःच्या खर्चानं तुझ्यासाठी एलएमआयए काढला तर तो खुशाल घे. परमिट वाढवायचा तो सरळ मार्ग आहे.

आता ४८५ कडे येऊ. हा आकडा तू पत्रिकेतल्या मंगळासारखा लिहिला आहेस. तो सुटा करून पाहिला की त्यातलं काय हलतं आणि काय हलत नाही ते दिसतं. लग्न न झालेल्या उमेदवाराला २९ व्या वर्षापर्यंत वयाचे ११० गुण. बी.ई. आणि वर कॅनडातली सर्टिफिकेटं मिळून शिक्षणाचे १२८. कॅनडातल्या एका वर्षाच्या अनुभवाचे ४०. तिथे शिकल्याचे वेगळे १५. इंग्रजीचे ११६, आणि शिक्षण, चाकणचा अनुभव, इंग्रजी यांच्या जोड्यांचे मिळून ७६.

तुझं दुखणं इंग्रजीत आहे, आणि तेही एका ठिकाणी. आयईएलटीएसमध्ये ऐकणं ८, वाचन ७, बोलणं ७ आणि लेखन साडेसहा. लेखनाचा तो अर्धा बँड कमी पडल्यानं तू चारही कौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवरच्या नवव्या पातळीला पोचत नाहीस, आणि ती पातळी गाठली की जोड्यांचे गुणही वाढतात. लेखनात ७ आले तर इंग्रजीचे ८ आणि चाकणच्या अनुभवाच्या जोडीचे १२, असे एकदम २० गुण. ४८५ चे ५०५. तू लिहितेस की परीक्षा दिलीस ती फेब्रुवारी २०२५ मध्ये, वर्क परमिटच्या अर्जाला निकाल लागत होता म्हणून, दुकानातल्या रात्रपाळ्या करता करता. तो निकाल दोन वर्षांनी तसाही बाद होणार आहे. आता तयारी करून दे. हातानं लिहिण्याची सवय गेली असेल तर सेल्पिपचा विचार कर. ती पूर्ण परीक्षा संगणकावर असते आणि तिच्यातली ९ म्हणजे सरळ नववी पातळी. शिकवणीला चारपाचशे डॉलर गेले तरी जाऊ देत.

दुसरी गोष्ट वेळेची. एप्रिल २०२७ मध्ये तुझं कोऑर्डिनेटरच्या जागेवरचं दुसरं वर्ष भरेल. त्याचे थेट १३ आणि जोडीचे १२ गुण वाढतील. दरम्यान नोव्हेंबरमध्ये तुला तीस पूर्ण होतील, तिथे ५ कमी होतील. लेखनाचे ७ धरून हिशेब ५२५ वर येतो. २०२५ मध्ये कॅनडातल्या अनुभववाल्यांसाठी जे ड्रॉ (पीआरच्या अर्जाचं आमंत्रण देणाऱ्या फेऱ्या) निघाले त्यांचे कटऑफ ५१५ ते ५४७ च्या दरम्यान होते. ५२५ म्हणजे खात्री नव्हे, पण तू शर्यतीत असशील. नोव्हेंबर २०२७ मध्ये एकतीस पूर्ण झाली की आणखी ६ कमी होतील, म्हणून २०२७ चे एप्रिल ते ऑक्टोबर हे महिने तुझे खरे महिने. कॅलेंडरवर खूण करायची ती त्यांच्यावर. फेब्रुवारी २०२८ ही तारीख तू छातीशी धरून बसली आहेस, पण आमंत्रण त्याच्या बरंच आधी यायला हवं. आलं की ६० दिवसांत पूर्ण अर्ज द्यायचा, अर्ज पोचल्याची पोच मिळाली की ब्रिजिंग ओपन वर्क परमिट मागता येतं आणि निकाल लागेपर्यंत नोकरी चालू राहते. मात्र ते आत्ताचं परमिट संपायच्या आत माग.

हे सगळं ज्या कागदावर उभं आहे तो तू अजून मागितलेला दिसत नाहीस. कारखान्याच्या लेटरहेडवरचं अनुभवाचं पत्र. पद, रुजू झाल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार आणि कामाचं स्वरूप, सगळं त्यात हवं. कामाचं स्वरूप सगळ्यात महत्त्वाचं. कॅनडात कामांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, ० ते ५, आणि या मार्गात ० ते ३ मधलंच काम धरलं जातं. लॉजिस्टिक्स कोऑर्डिनेटर तिसऱ्या पायरीवर बसतो, माल चढवणारा-उतरवणारा ‘शिपर-रिसीव्हर’ चौथ्या. एचआरनं घाईत ‘रिसिव्हिंग, लोडिंग, इन्व्हेंटरी’ असे तीन शब्द टाकून पत्र दिलं तर तुझं वर्ष मोजलंच जाणार नाही. तू रोज खरोखर काय करतेस ते दहा ओळींत लिही: ट्रकांचं वेळापत्रक लावणं, पुरवठादारांशी बोलणं, उत्पादनाच्या आराखड्याप्रमाणे माल मागवणं. सुपरवायझरला दाखव आणि तेच पत्रात घालायला सांग. जे करत नाहीस ते लिहू नकोस. दुकानातले महिने धरू नकोस, शिकत असताना केलेलं कामही या मार्गात मोजत नाहीत.

चाकणच्या कंपनीनं दिलेलं असेल ते “अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कार्यरत होत्या, त्यांना शुभेच्छा” असं एका ओळीचं. ते चालणार नाही, नवीन मागव. जुना मॅनेजर अजून तिथे असेल तर आजच फोन कर. आणि कुणीतरी नक्की सुचवेल की दोन वर्षं दहा महिन्यांची तीन वर्षं करून घे, तीन वर्षांना गुण जास्त आहेत. खरंच जास्त आहेत. तरी करू नकोस. पीएफच्या नोंदी आणि पगाराच्या स्लिपा कुणी मागितल्या तर ते दोन महिने कुठून आणणार?

मास्टर्सचं एका परिच्छेदात उरकते. मास्टर्सचे शिक्षणाचे गुण १३५, तुझे आत्ताच १२८ आहेत. कॅनडात शिकल्याचे १५ चे ३० होतील. एकूण फायदा २२ गुणांचा, त्यासाठी परत फी, आणि पूर्णवेळ शिकताना केलेलं काम अनुभवात धरत नाहीत. वय मात्र पुढे सरकतं. शिवाय अभ्यासानंतरचं वर्क परमिट आयुष्यात एकदाच मिळतं, ते तू घेऊन झालं आहेस. तुझी मैत्रीण सल्ला मनापासून देत असेल, पण हिशेब तिने केलेला नाही.

तू पत्रात कुठेच उल्लेख केला नाहीस अशी एक वाट आहे, फ्रेंच. कॅनडा सरकारला क्वेबेकबाहेर फ्रेंच बोलणारे लोक हवे आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळे ड्रॉ निघतात. २०२५ मध्ये त्यांचे कटऑफ ३७९ पासून ४८१ पर्यंत होते. तुझे आजचे ४८५ त्या रांगेत सगळ्या वर्षभर पुरले असते. अट अशी की टीईएफ किंवा टीसीएफ परीक्षेत ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही ठिकाणी सातवी पातळी हवी. युरोपातल्या हिशेबानं साधारण बी-२. तेवढं आलं तर इंग्रजीच्या जोडीनं ६२ गुण वरही पडतात, म्हणजे साध्या रांगेतसुद्धा तू पुढे जातेस. सहा महिन्यांत बी-२ करून देणाऱ्या जाहिरातींना हसून पुढे जा. नोकरी सांभाळून रोज दीड-दोन तास दिलेस तर वर्ष-दीड वर्षाचं काम आहे, आणि ऐकण्याची परीक्षा भल्याभल्यांना पाडते. पण तुझ्याकडे तेवढा वेळ आहे. एलएमआयएवाल्याच्या मागे जेवढ्या संध्याकाळी घालवणार होतीस त्या इथे घाल. भाषा निदान तुझ्याजवळ राहील, तू कुठेही गेलीस तरी.

प्रांतांचं नॉमिनेशन, म्हणजे एखाद्या प्रांतानं पीआरसाठी केलेली शिफारस, मिळालं तर ६०० गुण मिळतात आणि प्रश्नच मिटतो, पण २०२५ मध्ये केंद्रानं प्रांतांचा कोटा १ लाख १० हजारांवरून निम्म्यावर आणला होता. पुढच्या वर्षासाठी तो पुन्हा वाढवला खरा, तरी यावर घर बांधू नकोस. कारखाना तुझ्यासाठी ओंटारियोकडे अर्ज करेल का, एवढं एचआरला सरळ विचार. विचारायला पैसे पडत नाहीत. नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक अशा अटलांटिक प्रांतांचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. सडबरी, थंडर बे, ब्रँडन अशा लहान गावांसाठी २०२५ मध्ये एक पायलट योजना निघाली. दोन्हीकडे आधी तिथल्या मान्यताप्राप्त मालकाची नोकरी लागते. टोरांटोच्या आसपास आपली माणसं आहेत, गणपती होतो, हे सगळं सोडून उणे तीस अंशांतल्या गावी जायची तयारी आहे का, हे तुझं तूच ठरवायचं.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते, “पाण्यात गेलं”. तुला जाताना कुणी तरी सांगितलं होतं की दोन वर्षं शिक, एक वर्ष काम कर, पीआर पक्कं. आपल्याकडच्या एजंटांच्या भिंतींवर हेच वाक्य टांगलेलं असतं. कॅनडाच्या कुठल्याही कायद्यात ते नव्हतं आणि नाही. तू निघालीस तेव्हा परिस्थिती तशी भासत होती हे मात्र खरं. नोव्हेंबर २०२२ च्या आराखड्यात २०२५ साली ५ लाख लोकांना पीआर द्यायचं ठरलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तोच आकडा ३ लाख ९५ हजारांवर आला आणि २०२६ साठी ३ लाख ८० हजारांवर. ओंटारियोनं २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी दहा टक्क्यांनी उतरवून गोठवली. कॉलेजांनी खड्डा भरला तो तुझ्यासारख्यांच्या फीतून, हवे तेवढे प्रवेश देऊन. घरं पुरेनात, भाडी चढली, लोक चिडले, आणि २०२४ च्या जानेवारीत विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली. यात तू काय चुकलीस? रांगेत उभी होतीस आणि खिडक्या कमी झाल्या. आमच्या पिढीनं मुलांना परदेशी पाठवताना कॉलेजची फी ही पीआरची किंमत समजून भरली, ती आमची समजूत होती. तिचं ओझं तू का वाहायचं?

कर्जाचं मात्र ओझं खरं आहे, त्यावर बोलू. २८ लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं धरली तर हप्ता महिना ३८ हजारांच्या आसपास. चाकण-तळेगावच्या पगारात तो जड जाईल, डॉलरमध्ये तेवढा जाणवत नाही. म्हणून परमिट आहे तोवर हप्त्यापेक्षा जास्त भर, जादा रक्कम मुद्दलात जमा करायला बँकेला लेखी सांग, आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकरातली सवलत वडिलांना किंवा तुला लागू होते का ते सीएला विचार. आणि वडिलांना एवढंच दाखव: तीस हजार डॉलर म्हणजे या कर्जाचा जवळपास दोन तृतीयांश भाग. दहा गुंठे विकायचेच असतील तर ते पैसे बँकेत भरून घर मोकळं करता येईल. तेही नको म्हणेन मी. पण निदान तो व्यवहार सातबाऱ्यावर आणि बँकेच्या पासबुकात दिसेल, कुणाच्या खिशात नाही.

परतण्याची तारीख तू आत्ताच ठरवून टाक, हरल्याची म्हणून नव्हे. म्हणजे ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आमंत्रण आलं नाही तर तिकीट काढायचं, असं घरी आजच सांगायचं. तारीख नसली की माणूस व्हिजिटर म्हणून राहतो, रोखीत काम करतो, मग आणखी कुणाला तरी पैसे देतो. जवळजवळ तीन वर्षं कॅनडातल्या कारखान्यात पुरवठ्याची साखळी सांभाळलेली मुलगी पुण्यात बेकार राहत नाही. पगार तिथल्याएवढा दिसणार नाही, हेही खरं.

स्थळांबद्दल थोडंच. “पीआर झालं का” हा पहिला प्रश्न असेल तर तो प्रश्न तुझ्याविषयीचा नाही. त्यांना काय हवंय ते त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, उपकारच केले. तरीही मधल्या काळात मनासारखं जमलं आणि लग्न केलंस तर दोन गोष्टी लक्षात ठेव. गुण मोजायची पद्धत बदलते, म्हणून हिशेब नव्यानं मांडावा लागेल. आणि लग्न अर्जात दाखवावंच लागतं. गुण जातील म्हणून ते लपवणारे आहेत. पुढे त्याच नवऱ्याला बोलवायची वेळ आली की तो अर्ज अडतो, आणि स्वतःचं पीआरही धोक्यात येतं.

यंदा निघायच्या तयारीत असलेल्या काही जणांची पत्रं माझ्यापुढे आहेत, त्यांनाही दोन शब्द. नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजच्या डिप्लोमा-सर्टिफिकेटवाल्यांना ठरावीक विषयांतच शिकलं तर पुढचं वर्क परमिट मिळतं, त्यामुळे फी भरण्याआधी आपला कोर्स त्या यादीत आहे का ते कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. सरकारी कॉलेजच्या नावाने खासगी कॉलेजात चालणाऱ्या अभ्यासक्रमांना मे २०२४ पासून नव्यानं प्रवेश घेणाऱ्यांना ते मिळत नाही. जोडीदाराला सोबत नेऊन तो कमावेल असा हिशेब असेल तर तोही तपासा, जानेवारी २०२५ पासून ते दार बरंच अरुंद झालंय. पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस कॅनडातला वकील किंवा परवानाधारक सल्लागार आहे का, हे त्यांच्या नियामक संस्थेच्या जाहीर यादीत नाव टाकून दोन मिनिटांत कळतं. नाव नसेल तर उठून या.

आणि तू, येत्या रविवारी घरी व्हिडिओ कॉल लावशील तेव्हा आईआप्पांना दोघांनाही समोर बसव. आधी जमिनीचं सांग, विकायची नाही म्हणून. मग कागद घेऊन ४८५ चे ५२५ कसे होतात ते आप्पांना मांडून दाखव. शेतीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हा हिशेब कळतो. डिसेंबर २०२७ ची तारीख शेवटी सांग. आई रडेल बहुतेक, पण तिला निदान तारीख कळेल. सोमवारी एचआरला पत्राचा मसुदा दे.